अंधारातली तीन मिनिटं : बॅटलशिप ‘साउथ डकोटा’चे पहिले नऊ महिने

‘साउथ डकोटा’ ह्या अमेरिकन बॅटलशिपचं नाव निघालं की विजेचा किस्सा निघतोच. १४ नोव्हेंबर १९४२ ची रात्र, दक्षिण प्रशांतातल्या ग्वाडालकॅनाल बेटाजवळचा समुद्र, समोर जपानी आरमार, आणि ऐन लढाईत अख्ख्या नौकेची वीज गेलेली. सर्किट ब्रेकर, म्हणजे दोष आला की वीज आपोआप तोडणारा खटका, वारंवार पडू नये म्हणून कुणीतरी तो अडकवून ठेवला होता. किस्सा सांगणारा इथे थांबतो, ऐकणारा हसतो किंवा हळहळतो आणि विषय बदलतो.

विजेच्या देखभालीत बरीच वर्षं काढल्यामुळे मला ह्या किश्श्यात पहिल्यापासूनच ओळखीचं काहीतरी दिसत होतं. पंप लावला की एमसीबी, म्हणजे घरातला छोटा ब्रेकर, पडतो, म्हणून त्याच्या खटक्यात काडी खुपसणारी माणसं मी पाहिली आहेत. पोर्सेलिनच्या फ्यूजमध्ये सायकलच्या ब्रेकची तार घालणारी माणसंही पाहिली आहेत. ती मूर्ख नसतात. त्यांना पाणी हवं असतं आणि ते आत्ता हवं असतं, इतकंच. त्यामुळे साउथ डकोटावर तो ब्रेकर कुणी अडकवला ह्यापेक्षा, तो अडकवावासा वाटेल अशी ती नौका कशी घडली हे मला जास्त पाहावंसं वाटलं. त्यासाठी आठ महिने मागे जावं लागतं.

घाईत जन्मलेली नौका

न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या न्यू यॉर्क शिपबिल्डिंग गोदीत ५ जुलै १९३९ ला तिचा पाया घातला गेला. ७ जून १९४१ ला ती पाण्यात उतरली आणि २० मार्च १९४२ ला नौदलात दाखल झाली. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला तेव्हा साडेतीन महिनेच झाले होते. ह्या वर्गाच्या एकूण चार नौका: साउथ डकोटा, इंडियाना, मॅसॅच्युसेट्स आणि अलाबामा. युद्धनौकांच्या आकाराला बांध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या ३५,००० टनांच्या मर्यादेतच १६ इंची तोफांचा मारा सोसेल असं चिलखत बसवायचं होतं, म्हणून आधीच्या नॉर्थ कॅरोलायना वर्गापेक्षा लांबी चांगली पन्नासेक फुटांनी कमी केली. ६८० फुटांत तीन तोफघरं, नऊ १६ इंची तोफा आणि दोन हजारांहून जास्त माणसं. खलाशी म्हणत की आत वळायला जागा नाही, आणि ते बरोबरच होतं.

चौघींत साउथ डकोटाचं एक वेगळेपण होतं. ती ताफ्याच्या सेनापतीची नौका म्हणून सजवलेली असल्यामुळे त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी वर एक जादा मजला होता. त्याचं वजन भरून काढायला तिच्या ५ इंची जोडतोफांपैकी दोन जोड्या कमी केल्या होत्या. बहिणींकडे वीस नळ्या, हिच्याकडे सोळा.

तिचे पहिले कप्तान थॉमस गॅच. ह्या माणसाकडे कायद्याची पदवी होती आणि पुढे ते नौदलाचे सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणजे जज ॲडव्होकेट जनरल, झाले. कायदा शिकलेला माणूस नियमांच्या बाबतीत काटेकोर असेल असं आपल्याला वाटतं. गॅच नेमके उलटे. डेक चकाचक आहे का, गणवेशाची इस्त्री मोडली का, ह्यात त्यांना रस नव्हता. त्यांना फक्त तोफा हव्या होत्या. नवशिक्या पोरांनी भरलेली ती नौका. त्या पोरांना त्यांनी झाडलोटीतून सोडवून नेमबाजीला लावलं. नौका कळकट आहे अशी तिची ख्याती झाली. पोरं मात्र कप्तानावर खूश होती, आणि तोफा सुरेख चालवू लागली.

हा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे तो दोनदा भेटतो, एकदा पुण्य म्हणून आणि एकदा पाप म्हणून.

खडक

चाचणीच्या फेऱ्या जुलैअखेर संपल्या. १६ ऑगस्टला फिलाडेल्फिया सोडून, २१ ला पनामा कालवा ओलांडून, ४ सप्टेंबरला ती टोंगाच्या नुकुआलोफा बंदरात पोचली. दोनच दिवसांनी लहाई खाडीतून जाताना नकाशात नसलेल्या प्रवाळखडकाच्या सुळक्यावर तिचा तळ घासला आणि फाटला. शत्रू अजून नजरेसही पडला नव्हता. पर्ल हार्बरच्या गोदीत १२ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती चालली. ह्यात कप्तानाची चूक काढता येणार नाही, नकाशाच अपुरा होता. पण युद्धात पोचायच्या आधीच महिनाभर गोदीत पडून राहिल्यामुळे तिला दुसऱ्या बॅटलशिपबरोबर सराव करायला वेळ उरला नाही, आणि ही उणीव नंतर महागात पडली.

सांताक्रूझ: पुण्याचा दिवस

१६ ऑक्टोबरला ती एंटरप्राइज ह्या विमानवाहू नौकेच्या ताफ्यात सामील झाली. दहा दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, सांताक्रूझ बेटांजवळ जपानी विमानांच्या लाटांवर लाटा आल्या. साउथ डकोटाचं काम एकच, एंटरप्राइजच्या जवळ राहायचं आणि आकाशात शिशाची भिंत उभी करायची. तिच्याकडे नव्या ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा होत्या, २० मिलिमीटरच्या ओर्लिकॉन होत्या, आणि सात महिने दुसरं काही न करता हेच शिकलेली पोरं होती.

दिवसअखेर तिच्या नावावर २६ विमानं मांडली गेली. हा आकडा फुगलेला आहे ह्यावर नंतरच्या इतिहासकारांचं बहुतेक एकमत आहे. एकाच विमानावर पाच नौका मारा करत असतात आणि ते पडलं की पाचही जण ते आपल्या खात्यात लिहितात. सगळ्या देशांच्या सगळ्या विमानवेधी तोफखान्यांचं हे असंच असतं. आकडा निम्म्यावर आणला तरी त्या दिवशी बॅटलशिपचं नवं काम ठरून गेलं, हे खरं. विमानवाहू नौकेचा अंगरक्षक म्हणून ती किती उपयोगी पडते हे सगळ्यांनी पाहिलं. हॉर्नेट ही दुसरी विमानवाहू नौका त्या दिवशी गेली, एंटरप्राइज जखमी झाली पण तगली.

साउथ डकोटालाही एक बॉम्ब लागला. सुमारे २५० किलोचा तो बॉम्ब पुढच्या पहिल्या तोफघराच्या छतावर पडला. छत इतकं जाड होतं की आतल्यांना त्याचं फारसं काही जाणवलं नाही, पण उडालेल्या तुकड्यांनी उघड्यावरची माणसं घायाळ केली. गॅच ब्रिजबाहेरच्या अरुंद सज्जात उभे होते. बॉम्ब येताना दिसत होता तरी ते खाली वाकले नाहीत. जपानी बॉम्बसाठी अमेरिकन बॅटलशिपच्या कप्तानाने लोटांगण घालणं शोभत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. वाक्य वर्तमानपत्रांना फार आवडलं. प्रत्यक्षात एक तुकडा मानेत घुसून मोठी शीर कापली गेली, आणि जवळच्या खलाशांनी ती दाबून धरली म्हणून कप्तान वाचले. त्या गडबडीत सुकाणूचा ताबा दुसऱ्या ठाण्याकडे सोपवला गेला, तिथपर्यंत हुकूम नीट पोचेनात, आणि काही क्षण ही अजस्र नौका स्वतःच्याच एंटरप्राइजच्या दिशेने वळली. विमानवाहू नौकेला वाट सोडून पळावं लागलं.

ह्या प्रसंगाचा उल्लेख पराक्रमाच्या वर्णनात ओझरता येतो. मला तो बॉम्बपेक्षा मोठा वाटतो. एका ठिकाणचा ताबा सुटला तर तो दुसऱ्या ठिकाणी सहज जायला हवा, ही बॅटलशिपच्या रचनेतली मूळ कल्पना. तोफा उत्तम चालल्या. ताबा बदलायची यंत्रणा त्या दिवशी अडखळली. तीन आठवड्यांनी विजेच्या बाबतीत नेमकं हेच होणार होतं.

परतीच्या वाटेवर, ऑक्टोबर संपता संपता, पाणबुडीची चाहूल लागल्याने वळणं घेताना तिची महान नावाच्या विनाशिकेशी टक्कर झाली. महानची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाकडी होऊन मागे दबली. दोघी न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ बंदरात पोचल्या. तिथे साउथ डकोटाची डागडुजी केली ती व्हेस्टल ह्या दुरुस्ती-नौकेने. ही व्हेस्टल म्हणजे पर्ल हार्बरच्या सकाळी, तिथे बुडालेल्या ॲरिझोना ह्या बॅटलशिपच्या कुशीला बांधलेली होती तीच.

म्हणजे पहिल्या आठ महिन्यांचा हिशेब असा: एक खडक, एक बॉम्ब, एक टक्कर, दोन दुरुस्त्या, आणि गळ्याला पट्टी व हात झोळीत अडकवलेला कप्तान.

ली ह्यांचा जुगाड ताफा

ग्वाडालकॅनालवरचा हेंडरसन हा विमानतळ हेच सगळ्या मारामारीचं मूळ होतं. तो ज्याच्या हाती, दिवसाचा समुद्र त्याचा. जपानी आरमार रात्री येई, विमानतळावर तोफगोळे ओती आणि उजाडायच्या आत निघून जाई. १३ नोव्हेंबरच्या पहाटे अशाच एका टोळीला अमेरिकन क्रूझरांनी अडवलं. त्यात दोन रिअर ॲडमिरल, कॅलघन आणि स्कॉट, मारले गेले. जपान्यांची हिएई ही बॅटलशिप जायबंदी होऊन संध्याकाळी बुडाली. अमेरिकनांकडे आता क्रूझरच उरले नव्हते आणि जपानी पुन्हा येणार हे दिसत होतं. तेव्हा दक्षिण प्रशांत विभागाचा सेनापती हॉल्सीने हातातला शेवटचा पत्ता टाकला. एंटरप्राइजच्या अंगरक्षक म्हणून फिरणाऱ्या दोन बॅटलशिप त्याने काढून घेतल्या आणि त्या अरुंद पाण्यात पाठवल्या. एक वॉशिंग्टन, दुसरी साउथ डकोटा.

नेतृत्व रिअर ॲडमिरल विलिस ली ह्यांचं. हे गृहस्थ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत सात पदकं घेऊन आले होते, त्यांतली पाच सुवर्ण. जाड चष्मा, मितभाषी स्वभाव, आणि रडारचा असा अभ्यास की यंत्र चालवणाऱ्यांनाही ते शिकवू शकत. सोबतीला चार विनाशिका: वॉक, बेनहॅम, प्रेस्टन आणि ग्विन. ह्या चौघींची निवड कशी झाली? ज्यांच्या टाकीत इंधन जास्त त्या घेतल्या. चारही वेगवेगळ्या तुकड्यांतल्या, कधी एकत्र न लढलेल्या. दोन्ही बॅटलशिपनीही एकमेकींबरोबर कधी रात्रीची लढाई खेळलेली नव्हती. लग्नाला ऐनवेळी वाजंत्री कमी पडले म्हणून चार गावांतून एकेक माणूस गोळा करावा, तसं ते पथक होतं.

समोरून व्हाइस ॲडमिरल कोंडो येत होते. त्यांच्याकडे बॅटलशिप किरिशिमा, जड क्रूझर अतागो आणि ताकाओ, हलके क्रूझर नागारा आणि सेंदाई, आणि नऊ विनाशिका. विमानतळ भाजून काढायच्या तयारीने ते आले होते. अमेरिकन बॅटलशिप भेटतील अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

२३:३३

रात्री ११:१७ ला वॉशिंग्टनने सेंदाईवर पहिला मारा केला. सेंदाई धुराआड पळाली. पण ग्वाडालकॅनालजवळच्या साव्हो बेटाच्या सावलीत लपलेल्या जपानी नौकांनी पुढच्या चार विनाशिकांना घेरलं. तोफा आणि पाणतीर (टॉर्पेडो) ह्यांच्या त्या झोडपण्यात वॉक आणि प्रेस्टन बुडाल्या, बेनहॅमची नाळ पाणतीराने उडाली, ग्विन लंगडी झाली. अर्ध्या तासात ली ह्यांच्या पुढचा पडदा फाटला.

आणि ११:३३ ला साउथ डकोटाची वीज गेली.

बॅटलशिपची वीज जाणं म्हणजे काय, हे नीट डोळ्यांपुढे आणायला हवं. नौका थांबली नाही, कारण तिला पुढे ढकलणारे पंखे वाफेच्या टर्बाइनवर फिरतात. ती त्याच वेगाने अंधारात पुढे धावतच होती. बाकीचं सगळं मात्र विजेवर. तोफघर फिरवणाऱ्या मोटरी, गोळे वर चढवणारे पाळणे, नळीत गोळा ढकलणारा दांडा, नेम धरणारी गणकयंत्रं, त्या यंत्रांकडून तोफघराला कोन कळवणाऱ्या तारा, रडार, रेडिओ. खलाशांकडे बोलण्याच्या आवाजावरच चालणारे फोन होते, तेवढेच काय ते जिवंत. ३५,००० टनांचं लोखंड, नऊ प्रचंड तोफा, आणि आंधळं, बहिरं, मुकं.

तिच्यात हजार किलोवॉटचे सात टर्बोजनित्र होते, शिवाय आणीबाणीसाठी दोनशे किलोवॉटचे दोन डिझेल संच. एका छोट्या शहराला पुरेल इतकी वीज. म्हणजे तुटवड्याचा प्रश्नच नव्हता, वाटपाचा होता.

अशा मोठ्या जाळ्यात ब्रेकरांची एक उतरंड असते. एका तोफेच्या केबलला शॉर्ट लागला तर त्या तोफेचा ब्रेकर पडावा. तो चुकला तर त्याच्या वरचा पडावा, आणि जनित्राचा ब्रेकर सगळ्यात शेवटी. ज्याच्या घरात जाळ त्याचंच कनेक्शन तुटलं पाहिजे, गावाचं नव्हे. त्यातून युद्धनौकेत महत्त्वाच्या यंत्रांना दोन बाजूंनी पुरवठा असतो. एक बाजू मेली की स्विच आपोआप दुसऱ्या बाजूवर जातो. ही फार चांगली सोय आहे, पण एका अटीवर. दोष पुरवठ्यात असेल तरच. दोष यंत्रातच किंवा त्याच्या केबलमध्येच असेल तर ते यंत्र पहिल्या पुरवठ्याला पाडून मग दुसऱ्याला जाऊन चिकटतं आणि त्यालाही घेऊन पडतं. खालचा ब्रेकर वेळेवर सुटला तरच ही साथ थांबते.

खालचा ब्रेकर सुटला नाही. इतिहासकार जे कारण नोंदवतात ते असं: सुरक्षिततेचे नियम बाजूला ठेवून ब्रेकर चालू स्थितीतच जखडून ठेवण्यात आला होता, आणि हे मुख्य अभियंता अधिकाऱ्याकडून झालं. तोफांच्या हादऱ्याने कुठेतरी शॉर्ट झाला, जखडलेला ब्रेकर तो तोडू शकला नाही, आणि दोष एका बोर्डावरून दुसऱ्यावर चढत गेला.

का जखडला असेल? इथे माझा तर्क सांगतो आणि तर्क म्हणूनच घ्या. १६ इंची तोफांचा मारा म्हणजे अख्ख्या नौकेला बसणारा गुद्दा. त्या गुद्द्याने संवेदनशील ब्रेकर काही दोष नसतानाही पडतात. मैदानावरच्या प्रत्येक विजेच्या माणसाला हा त्रास ठाऊक आहे. सांताक्रूझसारख्या दिवशी नेम धरलेला असताना तोफेची वीज अशी फुकट जाणं म्हणजे माणसं मरणं. गॅच ह्यांच्या नौकेवर तर सगळ्यात मोठं पाप एकच, तोफ गप्प बसणं. डेकवरचा कळकटपणा चालेल, नियमांची थोडी मोडतोड चालेल, पण तोफ चालली पाहिजे. ज्या वृत्तीने २६ ऑक्टोबरला एंटरप्राइज वाचवली त्याच वृत्तीने १४ नोव्हेंबरला ब्रेकरला खीळ घातली, असं मला वाटतं. एका अधिकाऱ्यावर खापर फोडून मोकळं होणारे लोक हे पाहत नाहीत. ब्रेकर पडला की तोफ गेली हे सगळ्यांना दिसतं; तो पडल्यामुळे काय वाचतं ते कुणालाच दिसत नाही, म्हणून खिळीचं कौतुक होतं, निदान एकदा तरी.

डावीकडे की उजवीकडे

वीज जवळपास तीन मिनिटं गेली होती. तीन मिनिटं म्हणजे काही फार नाही, पण नेमक्या त्याच तीन मिनिटांत निर्णयाची घडी होती.

पुढे विनाशिका जळत होत्या. ११:३५ ला वॉशिंग्टन डावीकडे वळली आणि जळत्या नौकांच्या पलीकडून गेली. त्यामुळे तिच्या आणि जपान्यांच्या मधे आगीचा पडदा आला, आणि त्यांच्या दिपलेल्या डोळ्यांना ती दिसेनाशी झाली. मागून साउथ डकोटा येत होती. तिनेही तसंच करायचं होतं, पण वाटेत बेनहॅम आली, रडार मेलेलं, आणि टक्कर टाळण्यासाठी ती उजवीकडे वळली. आगीच्या अलीकडून. भिंतीवरच्या कंदिलापुढे माणूस उभा राहावा तशी तिची काळी आकृती जपान्यांना उठून दिसली.

११:३६ ला दिवे आले. रडारचं चित्र पुन्हा उभं राहायला वेळ लागतो, आणि तोवर वॉशिंग्टन कुठे गेली ह्याचा पत्ता हरवला होता. तोफा मात्र पुन्हा सुरू झाल्या. तिसऱ्या तोफघराने मागे मारा केला तर त्या झोताने मागच्या डेकवरची स्वतःचीच किंगफिशर ही टेहळणीची विमानं पेटली. पुढच्याच माऱ्याच्या हवेने त्यांतली दोन उचलून समुद्रात फेकली आणि बरीचशी आगही विझवली. एवढ्या तणावाच्या प्रकरणात हा एकच विनोदी क्षण, आणि तोही फुकटचा नाही. त्या आगीने जपान्यांना तिचा ठावठिकाणा आणखी पक्का कळला.

मध्यरात्रीच्या सुमारास जपानी सर्चलाइट तिच्यावर पडले. किरिशिमा, अतागो, ताकाओ आणि विनाशिका, सगळ्यांनी मिळून मारा केला. अंतर पाच हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे ह्या तोफांच्या हिशेबात हाताच्या अंतरावर. पाणतीर सोडले गेले ते सगळे चुकले, हे तिचं नशीब. गोळे मात्र लागले: नौदलाच्या नंतरच्या पाहणीत २६ मोजले गेले, त्यांतले बहुसंख्य क्रूझरांचे ८ इंची. किरिशिमाचा १४ इंची गोळा एकच, तो तिसऱ्या तोफघराच्या पायथ्याच्या चिलखतावर फुटला. चिलखताने आपलं काम चोख केलं. इंजिनं चालू, दारूगोळा सुरक्षित, तळ शाबूत. गोळे बसले ते वरच्या मनोऱ्यात, जिथे पत्रा पातळ आणि माणसं दाट. रडार, नेमाची ठाणी, रेडिओ सगळं तिथेच, आणि ते चालवणारेही तिथेच. चाळीसच्या आसपास माणसं मेली, साठेक जखमी झाली. जखमींत सार्जंट श्रायव्हर (‘सार्जंट’ हे नावच, हुद्दा नव्हे) नावाचा एक तरुण अधिकारी होता, जो पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात पीस कोअर ह्या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेचा पहिला संचालक झाला. आणि कॅल्व्हिन ग्रॅहम नावाचा एक खलाशी होता. त्याने वय खोटं सांगून नाव नोंदवलं होतं. त्या रात्री तो बारा वर्षांचा होता. तोंडाला गोळ्याचा तुकडा लागलेल्या अवस्थेत तो इतर जखमींना ओढून नेत होता. वय उघडकीस आल्यावर नौदलाने त्याला बाहेर काढलं आणि पदकंही काढून घेतली; त्याचं ‘पर्पल हार्ट’ परत मिळालं ते १९९४ मध्ये, तो वारल्यानंतर.

वॉशिंग्टनची अडचण

ली ह्यांच्या रडारवर एक मोठी खूण बराच वेळ दिसत होती, आणि ते तोफा चालवत नव्हते. कारण वॉशिंग्टनचं शोध-रडार मनोऱ्याच्या पुढच्या बाजूला बसवलेलं होतं आणि मागचा मोठा कोपरा त्याला दिसतच नसे. साउथ डकोटा त्याच कोपऱ्यात हरवली होती, तिचा रेडिओ गप्प होता. ती मोठी खूण किरिशिमा की आपलीच साउथ डकोटा? रडारचा सगळ्यात जाणकार माणूस हाताशी असूनही उत्तर मिळेना.

उत्तर जपान्यांनी दिलं. त्यांनी सर्चलाइट लावून साउथ डकोटा उजळली आणि ती कुठे आहे हे ली ह्यांनाही कळलं. म्हणजे दुसरी खूण शत्रूची. वॉशिंग्टनने ८,४०० यार्डांवरून किरिशिमावर मारा सुरू केला. काही मिनिटांत १६ इंची ७५ च्या आसपास गोळे गेले. निदान नऊ लागले, पुढच्या काही अभ्यासांनुसार त्याहून बरेच जास्त. पहाटे ३:२५ च्या सुमाराला किरिशिमा उलटून बुडाली. वॉशिंग्टनला जवळपास ओरखडाही नाही.

तर साउथ डकोटाच्या अंधाराने वॉशिंग्टनला विजय मिळवून दिला का? असं लिहिणारे आहेत. हेतू नसताना ती आमिष ठरली हे खरंच. पण त्याच अंधारामुळे ली ह्यांच्या तोफा तितका वेळ गप्प होत्या, हेही तितकंच खरं. साउथ डकोटा आपल्या जागी मागे असती आणि रेडिओवर बोलत असती तर त्या खुणेचं कोडं पडलंच नसतं. मी तिला आमिषाचं श्रेय देणार नाही.

श्रेय

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भेटल्या. नूमेआला प्रॉमिथियस ह्या दुरुस्ती-नौकेने साउथ डकोटाला प्रवासापुरतं सावरलं, आणि टोंगामार्गे, कालव्यातून, १८ डिसेंबर १९४२ ला ती न्यू यॉर्कला पोचली. देशाला बातमी हवी होती. गुप्ततेसाठी नाव झाकून तिला ‘बॅटलशिप एक्स’ म्हटलं गेलं, आणि वर्तमानपत्रांतून व एका बड्या साप्ताहिकातून तिची गाथा छापून आली. ३२ विमानं पाडली, जपानी जहाजं बुडवली, जखमी कप्तान मान ताठ ठेवून उभा. त्या रात्री किरिशिमा खरोखर कुणी बुडवली हे त्या गाथेत शोधूनही सापडत नसे. वॉशिंग्टन प्रशांत महासागरातच राहिली. तिच्याकडे ना जखमा होत्या दाखवायला, ना वार्ताहर. तिच्या खलाशांच्या मनात साउथ डकोटाबद्दल जी अढी बसली ती बंदरातल्या हाणामाऱ्यांपर्यंत गेली आणि युद्ध संपल्यावरही टिकली. ती अढी मला समजते. मार खाणारा दिसतो, न खाता काम करणारा दिसत नाही.

गॅच ह्यांना नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते वॉशिंग्टन शहरात कायद्याच्या खात्यावर रुजू झाले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. माझ्या मते त्यांच्या नौकेचं यशही त्यांचं आणि त्या तीन मिनिटांतला वाटाही थोडा त्यांचा.

न्यू यॉर्कच्या गोदीत मनोऱ्यातली भोकं बुजवली, तारा नव्याने ओढल्या, उडालेल्या ठाण्यांच्या जागी नवी बसवली. २५ फेब्रुवारी १९४३ ला साउथ डकोटा पुन्हा समुद्रात उतरली. ह्या वेळी प्रशांत नव्हे, अटलांटिक. ब्रिटिशांच्या होम फ्लीटच्या मदतीला, नव्या कप्तानाखाली, बहीण अलाबामाच्या सोबतीने.